कापलेल्या गाजराची ऊब: भाजीला झालेली इजा उष्णतेवरून कशी मोजायची

मोड आणायला रात्री बांधून ठेवलेल्या मटकीची पुरचुंडी सकाळी सोडा आणि मधोमध बोट खुपसून बघा. ऊब लागते. मार्केट यार्डात रात्रभर दाबून ठेवलेल्या मेथीच्या पोत्यात हात घातला की आतल्या जुड्या गरम लागतात. व्यापारी म्हणतो, "भाजी तापलीय," आणि भाव खाली येतो. दोन्हीकडे एकच गोष्ट चालू असते. तोडलेली भाजी जिवंत असते, श्वास घेत असते आणि श्वासाबरोबर उष्णता सोडत असते. ढिगात ती कोंडते म्हणून हाताला कळते, एवढंच.

आता त्याच भाजीवर सुरी चालवा. पेशी फुटतात, शेजारच्या पेशी जखम बुजवायच्या कामाला लागतात, श्वसन वाढतं, उष्णता वाढते. ही वाढ इतकी थोडी असते की हाताला कधीच जाणवणार नाही. पण योग्य उपकरणात ती तासाभरात आलेखावर उमटते. कापलेल्या गाजरावर पांढरट थर चढायला पुष्कळ वेळ लागतो. बोथट पात्याने केलेलं नुकसान डोळ्यांना दिसेपर्यंत पाकीट दुकानात पोचलेलं असतं. उष्णता ते आधी सांगते. म्हणून चिरलेल्या भाजीचा उद्योग करणाऱ्यांनी आणि अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे मोजमाप शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

उदाहरण म्हणून मी गाजर घेतलं आहे. ते बाराही महिने मिळतं, त्यातून एकसारखे तुकडे काढता येतात आणि पालेभाजीसारखा उजेडात प्रकाशसंश्लेषणाचा घोळ होत नाही.

आधी आकडे ओळखीचे करून घ्या

श्वसनात ग्लुकोजचा एक मोल (१८० ग्रॅम) पूर्ण जळला की सुमारे २,८०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि कार्बन डायऑक्साइडचे सहा मोल (२६४ ग्रॅम) तयार होतात. म्हणजे १ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइडमागे जवळपास १०.६ ज्यूल. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शीतगृहाच्या तक्त्यांमधले श्वसनाचे आकडे यानेच उष्णतेत बदलता येतात.

पाला काढलेलं अख्खं गाजर २० अंश सेल्सिअसला ताशी किलोमागे ४६ ते ९५ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं. गुणाकार केला की ग्रॅममागे १४० ते २८० मायक्रोवॉट येतात. १० अंशांना हेच ६० ते १२५ आणि शून्य अंशाला ३० ते ६०. पुढच्या हिशेबांसाठी २० अंशांना ग्रॅममागे २०० मायक्रोवॉट धरू. तुमच्या उपकरणाने अख्ख्या गाजराचं उत्तर २० किंवा २,००० दाखवलं, तर गाजराला दोष देण्याआधी जोडण्या तपासा.

श्वसन म्हणजे संथ ज्वलन, हे लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२–८३ च्या हिवाळ्यात बर्फाच्या कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे उष्णता मोजण्याच्या यंत्रात, गिनी पिग ठेवून दाखवलं होतं. जनावराच्या उबेने किती बर्फ वितळला ते त्यांनी तोललं. आपण तेच करणार आहोत, फक्त बर्फाऐवजी वीज मोजून.

उपकरण कोणतं आणि कुठे शोधायचं

लागतं ते समतापी, म्हणजे तापमान स्थिर ठेवणारं, कॅलरीमीटर, उष्णतावाहक प्रकारचं. रचना सोपी आहे. नमुन्याची कुपी आणि धातूचा मोठा ठोकळा यांच्यामध्ये थर्मोकपलांची पट्टी असते. नमुन्यातून निघालेली उष्णता या पट्टीतून ठोकळ्याकडे वाहते आणि तापमानातल्या किंचित फरकामुळे सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. हाच सीबेक परिणाम. ठोकळ्याचं तापमान ठरलेलं राहतं, म्हणून भाजी स्वतः तापत नाही. मेथीच्या पोत्यात आणि इथे फरक हाच. पोत्यात उष्णता साठते आणि श्वसन आणखी भडकतं. इथे ती निर्माण होताच काढून घेतली जाते आणि मोजली जाते.

प्रत्येक नमुन्याला जोडीदार कुपी लागते. तिच्यात काहीही न घडणारा पदार्थ भरायचा, ज्याची उष्णताधारकता नमुन्याइतकी असेल. खोलीच्या तापमानातली हेलकावणी मग दोन्हीकडे सारखी लागते आणि वजाबाकीत निघून जाते. गाजराची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा जराशी कमी, सुमारे ३.९ ज्यूल प्रति ग्रॅम अंश. म्हणून २ ग्रॅम गाजरासमोर १.८ ते १.९ ग्रॅम पाणी ठेवलं की भागतं.

या कामासाठी आठ खणांची आणि २० मिलिलिटर कुप्यांची यंत्रं फार सोयीची पडतात. मुळात अशी यंत्रं सिमेंट पाण्यात कालवल्यावर किती तापतं ते पाहायला वापरली जातात. चिरलेल्या भाज्यांवर हे तंत्र चालवण्याचं पुष्कळ काम स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात झालं. तिथले लार्स वाडसो हे बांधकाम साहित्याचे अभ्यासक आणि फेडेरिको गोमेझ गालिंदो हे अन्नशास्त्राचे. दोन विभागांच्या या गाठीभेटीतून आपल्यालाही एक वाट सापडते. तुमच्या महाविद्यालयात अन्नविभागाकडे असं यंत्र नसेल, तर स्थापत्य विभागात, सिमेंटच्या किंवा औषधांच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. त्यांचं यंत्र मधूनमधून मोकळं असू शकतं आणि बंद कुपीतल्या गाजराने ते खराबही होत नाही.

कुपीत किती ग्रॅम घालायचं? इथेच बहुतेक प्रयोग फसतात

माझ्या हातून पहिल्या वेळी झालेली चूक सांगतो. संकेत मोठा दिसावा म्हणून २० मिलिलिटरच्या कुपीत ८ ग्रॅम गाजर भरलं. आलेख छान वर चढला, पाचेक तासांनी उतरायला लागला आणि मी वहीत लिहिलं, "जखम भरून येत आहे." प्रत्यक्षात कुपीतला प्राणवायू संपत आला होता.

हिशेब करून बघा. ८ ग्रॅम गाजर जाऊन कुपीत १२ मिलिलिटर हवा उरते. तिच्यात प्राणवायू अडीच मिलिलिटर, म्हणजे साधारण ०.१०५ मिलिमोल. प्राणवायूच्या एका मोलमागे सुमारे ४५५ किलोज्यूल उष्णता निघते, म्हणजे या कुपीतून जास्तीत जास्त ४८ ज्यूल निघू शकतात. ८ ग्रॅम गाजर सेकंदाला १.६ मिलिज्यूल सोडतं. आठ तासांत खेळ संपला. जखमेमुळे श्वसन दुप्पट झालं असेल तर चार तासांत. शिवाय प्राणवायू पूर्ण संपेपर्यंत श्वसन थांबून राहत नाही, त्याच्या बरंच आधी मंदावतं.

आता २ ग्रॅम घ्या. हवा १८ मिलिलिटर, उष्णतेची कमाल मर्यादा ७२ ज्यूल आणि दर ०.४ मिलिवॉट. प्राणवायू पन्नास तास पुरेल, श्वसन दुप्पट झालं तरी पंचवीस. ०.४ मिलिवॉट म्हणजे ४०० मायक्रोवॉट, चांगलं यंत्र हे आरामात वाचतं. माझा नियम असा आहे: निम्मा प्राणवायू संपला की मोजणी तिथेच संपली असं धरायचं. २ ग्रॅमच्या कुपीत आलेखाखालचं क्षेत्रफळ ३६ ज्यूल झालं की त्यापुढचा आलेख निष्कर्षासाठी वापरायचा नाही. हा आकडा प्रत्येक कुपीसाठी वेगळा काढा आणि कुपीच्या नोंदीत लिहून ठेवा.

दुसरा चोर: पाण्याची वाफ

२० अंशांना १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २,४५० ज्यूल लागतात. झाकण किंचित सैल राहिलं आणि तासाला फक्त १ मिलिग्रॅम पाणी उडालं, तरी ०.६८ मिलिवॉट उष्णता शोषली जाते. तुमच्या गाजराची एकूण उष्णता होती ०.४ मिलिवॉट. म्हणजे आलेख सरळ शून्याखाली जाईल आणि गाजर थंडी निर्माण करतंय असं वाटेल.

म्हणून रबरी चकती आणि अॅल्युमिनियमचं टोपण पक्कं दाबून बसवा. कुपी आधी आणि नंतर चार दशांश स्थळांपर्यंत तोला. वजनात फरक आला तर तो नमुना बाद. झाकण घट्ट असेल तर आतली हवा बाष्पाने भरण्यापुरतंच पाणी उडतं, १८ मिलिलिटरला ०.३ मिलिग्रॅम, आणि ते पहिल्या तासातच आटोपतं.

यंत्राला वजनमाप शिकवणं

यंत्र आपल्याला मायक्रोव्होल्ट देतं, हवे असतात मायक्रोवॉट. कुपीत १,००० ओहमचा रोधक ठेवा आणि त्यातून १ मिलिअँपियर प्रवाह सोडा. बरोबर १ मिलिवॉट उष्णता तयार होते. संकेत स्थिर झाला की १ मिलिवॉटला त्या दाबाने भागा, तो त्या खणाचा गुणक. हे प्रत्येक खणासाठी आणि प्रत्येक मोजणी-तापमानाला वेगळं करायचं. २० अंशांचा गुणक १० अंशांना वापरू नका.

प्रवाह बंद केल्यावर संकेत लगेच शून्यावर येत नाही, हळूहळू उतरतो. तो ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ म्हणजे यंत्राचा कालस्थिरांक. तोही नोंदवा. तुमच्या भाजीतला बदल याहून झपाट्याने होत असेल, तर आलेख तो बदल गुळगुळीत करून दाखवेल. मग टियान यांचं समीकरण, म्हणजे कालस्थिरांकावरून मूळ संकेत काढण्याचं सूत्र, वापरून दुरुस्ती करावी लागते. कापलेल्या गाजराचे बदल तासांच्या हिशेबात होतात, त्यामुळे सहसा तशी गरज पडत नाही.

गाजर निवडणं आणि कापणं

इथे घाई करू नका. निम्मा प्रयोग इथेच होतो.

मोजणी २० अंशांना असेल तर अख्खी गाजरं धुऊन, पुसून, आदल्या रात्रीपासून २० अंशांनाच ठेवा. फ्रिजमधून काढून थेट कापलेलं गाजर यंत्रात तासभर नुसतं तापत बसतं आणि जखमेची सुरुवात त्यात हरवते.

गाजर आडवं कापलं की दोन भाग दिसतात, मधला फिकट गाभा आणि बाहेरचा गडद, गोड भाग. दोघांचं श्वसन सारखं नसतं. म्हणून जाड गाजर घ्या आणि बाहेरच्या भागातून, गाजराच्या लांबीला समांतर, १० मिलिमीटरच्या कॉर्क बोअररने (धारदार तोंडाच्या धातूच्या नळीने) नळकांडी काढा. बोअररची धारही तीक्ष्ण हवी. तोच बोथट असेल तर सगळ्याच नमुन्यांना आधीच इजा झालेली असते. २५ मिलिमीटर लांबीचं एक नळकांडं जवळजवळ २ ग्रॅम भरतं.

पहिल्यांदाच करत असाल तर प्रश्न एकच ठेवा: धारदार पातं आणि बोथट पातं यांत किती फरक? धारदारसाठी नवं कोरं दाढीचं ब्लेड, दर पाच कापांनी बदललेलं. बोथटसाठी स्वयंपाकघरात वर्षभर राबलेली स्टीलची सुरी. विळी वापरून बघायचा मोह होतो आणि तो मोह चांगलाच आहे, पण नंतर. लोखंडी विळीचे लोहकण कापावर राहतात आणि फिनॉल वर्गातल्या द्रव्यांशी मिळून काळे डाग पाडतात. वांगं चिरताना हे आपण रोज बघतो. मग फरक धारेचा की लोखंडाचा, हे सांगता येणार नाही.

एकाच नळकांड्यातून २ मिलिमीटर जाडीचे बारा काप पाडा. काप पडले की त्यांच्याकडे भिंगातून बघा. ब्लेडचा काप सपाट, किंचित चमकणारा असतो. बोथट सुरीचा काप ओलसर दिसतो, कडेला पेशींचे फाटलेले दोरे असतात आणि फळीवर केशरी रसाचा डाग राहतो. तो रस म्हणजे फुटलेल्या पेशींच्या पोटातलं पाणी. पेशी शाबूत असताना रिक्तिकेतली फिनॉल द्रव्यं आणि लवकांतली विकरं (एन्झाइम) वेगवेगळ्या खोल्यांत असतात. भिंत पडली की ती एकत्र येतात आणि ऑक्सिडीकरण सुरू होतं. त्याचीही उष्णता आपल्या आलेखात येणार आहे.

काप गाळीव पाण्यात पाच सेकंद विसळा आणि टिपकागदावर हलकेच टिपा, घासू नका. विसळण्याचा आणि टिपण्याचा वेळ सगळ्या नमुन्यांना तंतोतंत सारखा हवा. कुपीत टाकताना काप एकमेकांना चिकटले तर जखमेचा पृष्ठभाग झाकला जातो आणि प्राणवायू पोचत नाही. स्टीलच्या जाळीची छोटी पट्टी नागमोडी वाकवून मध्ये घातली तर ते सुटे राहतात. जाळी घातली तर ती सगळ्या कुप्यांत घाला, जोडीदार कुपीतसुद्धा.

घड्याळ पहिला काप पडला तेव्हापासून मोजा, कुपी यंत्रात गेली तेव्हापासून नाही.

आठ खणांची मांडणी आणि मोजणीचा दिवस

तीन वेगवेगळी गाजरं घ्या. प्रत्येकातून दोन नळकांडी, एक ब्लेडसाठी, एक सुरीसाठी. झाले सहा खण. सातव्यात उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून गार केलेले काप, म्हणजे पूर्ण मेलेला नमुना. आठव्यात नुसतं पाणी. गाजरा-गाजरांत फरक प्रचंड असतो. एकाच शेतातली दोन गाजरं एकमेकांच्या दीडपट श्वसन करत असतील तरी नवल नाही. पण तुलना एकाच गाजराच्या दोन नळकांड्यांची असल्यामुळे तो फरक वजाबाकीत जातो.

१. आदल्या संध्याकाळी सगळ्या खणांत पाण्याच्या कुप्या ठेवा. सकाळपर्यंत मिळालेली सपाट रेषा ही तुमची आधाररेषा. ती वर-खाली फिरत असेल तर त्या दिवशी गाजर कापू नका.

२. सकाळी एका गाजराची जोडी पूर्ण तयार करून कुपीबंद करा, मगच दुसरं गाजर हातात घ्या. जोडीतलं कोणतं आधी कापायचं हे दर गाजराला बदला.

३. कुप्या तोला आणि यंत्रात सावकाश सोडा. कुपी खणात जाताना हाताची ऊब आणि घर्षण आत जातं. पहिली ४५ ते ६० मिनिटं आलेखावर जे दिसेल ते वाचायचं नाही.

४. बारा ते वीस तास मोजणी चालू द्या. दर मिनिटाला एक नोंद पुरते. मधूनच खोलीचं दार, पंखा, एसी यांना हात लावू नका. जवळच्या टेबलावर हीटर तर नकोच.

५. शेवटी कुप्या काढून पुन्हा तोला, पाण्याच्या कुप्या ठेवून दोन तास पुन्हा आधाररेषा घ्या. आधीची आणि नंतरची रेषा जुळली नाही तर मधल्या काळात ती सरळ रेषेत सरकली असं धरून वजा करा.

६. झाकण उघडताना वास घ्या आणि वहीत लिहा. ताज्या गाजराचा, आंबूस, दारूसारखा. दारूसारखा वास आला तर प्राणवायू संपला होता, आलेख काहीही म्हणो.

हिशेब: संकेतातून आधाररेषा वजा करा, खणाच्या गुणकाने गुणा आणि गाजराच्या वजनाने भागा. उत्तर ग्रॅममागे मायक्रोवॉटमध्ये येईल. मग दुसऱ्या तासापासून दहाव्या तासापर्यंतचं क्षेत्रफळ काढून ग्रॅममागे ज्यूल लिहा आणि प्रत्येक गाजरासाठी सुरी वजा ब्लेड असा फरक मांडा. तिन्ही फरक एकाच दिशेला असतील तर पुढे आणखी गाजरं घेण्यात अर्थ आहे. एक वर आणि दोन खाली असतील, तर आधी कापण्याची पद्धत सुधारा.

आलेख काय बोलतो

कॅलरीमीटर उष्णतेची बेरीज सांगतं, कुणी किती दिली ते सांगत नाही. ते आपल्याला तुलनेच्या नमुन्यांवरून काढावं लागतं.

उकडलेल्या गाजराची रेषा शून्याशी चिकटून राहायला हवी. ती वर असेल तर एकतर आधाररेषा चुकली किंवा जंतू वाढत आहेत. मला आणखी एक नमुना फार उपयोगी वाटतो, तो म्हणजे गोठवून पुन्हा वितळवलेलं गाजर. त्याच्या पेशी फाटलेल्या असतात, श्वसनाची घडी मोडलेली असते, पण विकरं जिवंत असतात. कच्चं, गोठवलेलं आणि उकडलेलं अशा तीन रेषा शेजारी ठेवल्या की नुसत्या विकरांच्या ऑक्सिडीकरणाचा वाटा आणि जिवंत पेशींच्या धडपडीचा वाटा वेगळे दिसू लागतात.

जखमेची वाढ सावकाश चढते, काही तासांत माथ्यावर पोचते आणि मंद उतरते. या काळात पेशी फिनॉल द्रव्यं आणि लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) बनवत असतात. कापलेल्या गाजरावरचा पांढरेपणा अंशतः पृष्ठभाग सुकल्यामुळे येतो आणि अंशतः या लिग्निनमुळे. जंतूंची वाढ वेगळी दिसते. बराच वेळ काहीच नाही आणि मग चढण दर तासाला अधिक उभी. उभ्या अक्षाला लॉगॅरिथम घेतला की ती सरळ रेषा होते. एक कार्यरत जिवाणू साधारण २ पिकोवॉट उष्णता देतो. ग्रॅममागे एक कोटी जिवाणू झाले की २० मायक्रोवॉट, दहा कोटी झाले की २००, म्हणजे गाजराच्या स्वतःच्या उष्णतेइतके. दिवसाच्या शेवटी आलेख पुन्हा उसळला तर तो जखमेचा दुसरा झटका समजू नका.

जखमेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरचा दर

धारेचा प्रयोग जमला की हा करा, मला तो सगळ्यांत आवडतो. १० मिलिमीटर व्यासाचं आणि २५ मिलिमीटर लांबीचं अखंड नळकांडं घेतलं तर दर घनसेंटिमीटरमागे कापलेला पृष्ठभाग ४.८ चौरस सेंटिमीटर येतो. ५ मिलिमीटरचे पाच तुकडे केले की ८ आणि २ मिलिमीटरचे काप केले की १४. वजन तेच, जखम वेगवेगळी.

आडव्या अक्षावर पृष्ठभाग आणि उभ्या अक्षावर सहाव्या तासाची उष्णता मांडा. समजा बिंदू २१८, २५० आणि ३१० मायक्रोवॉटवर पडले. रेषेचा चढ १० येतो. म्हणजे जखमेचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर १० मायक्रोवॉट जादा देतो. हीच रेषा मागे शून्य पृष्ठभागापर्यंत नेली तर १७० येतात. ती न कापलेल्या गाजराची उष्णता, जी कुपीत अख्खं गाजर मावत नसल्यामुळे थेट मोजता येत नव्हती. आता बोथट सुरीने हाच प्रयोग करा. बोअरर तोच असून चढ जास्त आला, तर इजा पात्याचीच आहे याहून स्वच्छ पुरावा मिळणं कठीण. दोन पाती, दोन यंत्रं, सोलण्याच्या दोन पद्धती, यांची तुलना या एका आकड्यावर करता येते.

गरम पाण्याची इजा

ब्लांचिंगचा, म्हणजे भाजी गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून काढण्याचा, प्रश्न उलटा असतो. सुरीच्या जखमेने उष्णता वाढते, चटक्याने ती घटते, कारण मेलेली पेशी श्वास घेत नाही. गरम पाण्यातून काढलेल्या गाजराच्या कापांवर लुंडच्या गटाने अशा मोजण्या केल्या आणि २००४ साली त्या प्रसिद्धही झाल्या.

५ मिलिमीटर जाडीचे काप ४०, ५०, ६० आणि ७० अंशांच्या पाण्यात ठरावीक वेळ बुडवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. वेळ ठरवताना उष्णता मध्यापर्यंत पोचायला लागणारा अवधी लक्षात घ्या. एवढ्या जाडीला तो पाऊण ते एक मिनिट आहे. वीस सेकंद बुडवलेल्या कापाचं बाहेरचं कवच मेलेलं आणि आतलं जिवंत, अशी सरमिसळ असते. कधी कधी नेमकी तीच अभ्यासायची असते.

कच्च्याची उष्णता १०० आणि उकडलेल्याची ० धरून मधल्या नमुन्यांना टक्के द्यायचा मोह होतो. साधारण ५० अंशांच्या पुढे, जिथे पेशीपटलं फुटू लागतात, तिथे तो आकडा उपयोगी आहे. ४० अंशांच्या आसपास मात्र पेशी मरत नाहीत, त्रासतात, आणि त्रासलेली पेशी जास्त उष्णता देऊ शकते. तिथे १०० च्या वर आकडा आला तर तो खोडू नका. सोबत त्याच कापांना गाळीव पाण्यात ठेवून वाहकता मोजा. फुटलेल्या पेशींतले क्षार पाण्यात उतरतात आणि वाहकता वाढते. साधा वाहकतामापी या कामी यंत्राचा खरा सोबती ठरतो.

यंत्र नसेल तर: दोन थर्मास

शाळेत किंवा छोट्या युनिटमध्ये हा प्रयोग दोन सारख्या एक लिटर थर्मासांवर होतो. एकात २०० ग्रॅम ताजं किसलेलं गाजर. दुसऱ्यात तेवढंच, पण उकडून खोलीच्या तापमानाला आणलेलं. तोंडाला कापसाचा सैल बोळा आणि दोन्ही थर्मास थर्माकोलच्या एकाच खोक्यात. मधोमध डीएस१८बी२० जातीचा जलरोधक तापमान-संवेदक. हा ०.०६ अंशाच्या पायऱ्यांनी वाचतो, पण दोन संवेदकांत अर्ध्या अंशाचा जन्मजात फरक असू शकतो. म्हणून आधी दोन्ही एकाच पेल्यातल्या पाण्यात ठेवून फरक टिपून घ्या.

किसलेल्या गाजराची उष्णता ग्रॅममागे ४०० मायक्रोवॉट धरली तर २०० ग्रॅमची ८० मिलिवॉट होते. चांगल्या थर्मासात तीन-चार तासांत अर्ध्या ते एक अंशाची वाढ दिसायला हवी. इथे भाजी तापते, त्यामुळे हे समतापी मोजमाप नाही. पण किसणी आणि ब्लेड यांतला फरक दाखवायला पुरेसं आहे.

वॉटमध्ये उत्तर हवं असेल तर त्याचीही सोय आहे. उकडलेल्या गाजरात १,००० ओहमचा रोधक नीट वेष्टून पुरा आणि त्याला ९ व्होल्टची बॅटरी जोडा. ८१ मिलिवॉट उष्णता तयार होते, जवळजवळ किसलेल्या गाजराएवढीच. बॅटरीचा दाब सुरुवातीला आणि शेवटी मल्टिमीटरने तपासा, कारण तो हळूहळू उतरतो. त्या थर्मासचा चढ आणि जिवंत गाजराचा चढ शेजारी मांडले की मायक्रोवॉटचा अंदाज निघतो.

पहिल्या दिवशी मिळालेल्या उत्तरावर थांबू नका. दुसऱ्या दिवशी थर्मासांची अदलाबदल करून ताज्या गाजरावर तोच प्रयोग पुन्हा करा. जादा ऊब थर्मासबरोबर राहिली तर फरक थर्मासचा. ती गाजराबरोबर दुसऱ्या थर्मासात गेली तर ती गाजराची.